दूध काढायचा पंप: हाताचा की विजेचा?

बाळंतपणाआधीच्या खरेदीत झबली-टोपडी, दुपटी आणि मालिशचं तेल यांच्या जोडीला आता दूध काढायचा पंपही असतो. हाताने दाबून चालवायचा पंप काही शे रुपयांपासून मिळतो, विजेवर किंवा बॅटरीवर चालणारा काही हजारांना पडतो, आणि घरातली चर्चा सुरू होते ती या दोन किमतींवरून. ऐपत असेल तर विजेचा, नसेल तर हाताचा, असा सरळ हिशेब बहुतेक जण करतात. महाग ते चांगलं, हा समज त्यामागे असतो. हा हिशेब चुकीचा आहे, असं मला ठामपणे वाटतं. आई आणि बाळ यांची ताटातूट किती तासांची आणि किती दिवसांची होणार आहे, आणि बाळाला स्वतः ओढून दूध पिता येतं का, या दोन गोष्टींवरून पंप निवडायचा असतो. या प्रश्नांची उत्तरं बाळ जन्मण्याआधी सहसा मिळत नाहीत, म्हणून आधीच पंप आणून ठेवणं ही बहुतेक घरांची घाई ठरते. थोड्या घरांसाठी मात्र विजेचा पंप ही चैन नसते, निकड असते. आणि पुष्कळदा नेमक्या त्याच घरांना तो वेळेवर मिळत नाही.

असं का, हे समजायला दूध कसं तयार होतं ते पाहावं लागतं. बाळ ओढू लागलं की स्तनाग्रातल्या मज्जातंतूंमार्फत मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला संदेश जातो आणि तिच्यातून दोन संप्रेरकं रक्तात सुटतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होतं. ऑक्सिटोसिनमुळे दुधाच्या सूक्ष्म पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि तयार झालेलं दूध नळ्यांमधून पुढे येतं. पान्हा फुटतो तो यामुळे. याखेरीज प्रत्येक स्तनाचं स्वतःचं एक नियंत्रण असतं. दूध आत साचून राहिलं की निर्मिती मंदावते, स्तन रिकामा झाला की ती वेग घेते. एका बाजूने बाळ जास्त पीत असेल तर त्या बाजूला दूध जास्त येतं, ते याच कारणाने. दूध किती येणार हे ठरतं ते मुख्यतः दिवसातून किती वेळा आणि किती पुरतं ते बाहेर काढलं जातं यावर. पंपाची ओढ ही या साखळीतली एक कडी आहे. पान्हाच फुटला नसेल तर मोटर कितीही ताकदीची असो, बाटलीच्या तळाशी चार थेंब जमतात. आणि ऑक्सिटोसिन तर मनाच्या अवस्थेनुसार वागतं. बाळाच्या नुसत्या रडण्याने, वासाने, फोटोनेही पान्हा येतो. वेदना, भीती आणि संकोच यांनी तो अडतो.

पंप मुळात कुणासाठी होता, हे यंत्राच्या इतिहासातही दिसतं. अमेरिकेत १८५४ साली ऑर्वेल नीडहॅम यांनी अशा पंपाचं पेटंट घेतलं. विसाव्या शतकाच्या विशीत एडवर्ड लास्कर यांनी विजेवर चालणारा पंप तयार केला. हे लास्कर अभियंते होते आणि नावाजलेले बुद्धिबळपटूही. १९५६ मध्ये स्वीडनमधल्या आइनार एग्नेल यांचा पंप आला. किती ओढ दिली तर दूध येतं आणि इजा होत नाही, या प्रश्नावर एग्नेल यांनी बारकाईने काम केलं होतं, आणि पुढची कित्येक वर्षं रुग्णालयांत त्या धर्तीचे पंप चालत राहिले. घराघरांतल्या वापरासाठी विजेचे पंप विकले जाऊ लागले ते साधारण १९९० नंतर. म्हणजे विजेच्या पंपाचं मूळ स्थान रुग्णालय होतं. ज्यांना ओढता येत नाही अशा अशक्त, अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तो होता. त्याने घरात प्रवेश केल्यावर मात्र तो प्रत्येक बाळंतिणीच्या गरजेची वस्तू म्हणून विकला जाऊ लागला, आणि आजचा गोंधळ तिथून सुरू होतो.

आता पुरावा काय सांगतो ते पाहू. वैद्यकीय संशोधनाचे निष्कर्ष एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ साली दूध काढण्याच्या सर्व पद्धतींचा सुधारित आढावा प्रसिद्ध केला. त्यात ४१ चाचण्या विचारात घेतल्या होत्या. त्याचा निष्कर्ष असा की सर्वांसाठी श्रेष्ठ अशी एकच पद्धत नाही; बाळंतपणाला किती दिवस झाले, दूध कशासाठी काढायचं आहे आणि ती आई व ते बाळ कसं आहे, यावर योग्य पद्धत अवलंबून असते. बाळ थेट पीत नसेल तर लवकर दूध काढायला लागणं, मनाला आराम देणं, हलकं मालिश, स्तनांना ऊब, हाताने काढणं आणि कमी किमतीचे पंप हे स्वस्तातले उपाय काही बाबतींत मोठ्या विजेच्या पंपाइतकेच, कधी त्याहून अधिक उपयोगी ठरतात. या आढाव्यातल्या एका चाचणीत, अतिदक्षता विभागातल्या बाळांच्या आयांनी शांत करणारं ध्वनिमुद्रण आणि संगीत ऐकत दूध काढलं, तेव्हा ते अधिक निघालं. यातल्या बऱ्याच चाचण्यांना पंप बनवणाऱ्या कंपन्यांचं साहाय्य होतं, आणि तरीही निष्कर्ष महागड्या यंत्राच्या बाजूने एकतर्फी लागलेला नाही. एखादी कंपनी आपल्याच वस्तूची परीक्षा घेते आणि ती वस्तू निर्विवादपणे पहिली येत नाही, तेव्हा ग्राहकाने त्याकडे लक्ष द्यायला हवं.

पहिल्या दोन-तीन दिवसांची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. तेव्हा येतो तो चीक: घट्ट, चिकट, पिवळसर आणि प्रमाणाने अगदी थोडा. एका वेळेला चमचाभर आला तरी पुष्कळ. निरोगी बाळाच्या जठराला तेव्हा तेवढाच हवा असतो. हा चीक पंपाच्या फनेलला, झडपेला आणि बाटलीच्या भिंतींना चिकटून वाया जातो. हाताने काढला तर थेट चमच्यात पडतो. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१२ साली ६८ आयांवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. पूर्ण दिवसांची, पण जन्मानंतरच्या १२ ते ३६ तासांत नीट न पिणारी बाळं त्यांनी निवडली; निम्म्या आयांना हाताने दूध काढायला शिकवलं, उरलेल्यांना विजेचा पंप दिला. त्या बैठकीत निघालेल्या दुधात लक्षणीय फरक नव्हता, दोन्हींकडे ते मिलिलिटरभराच्या आतबाहेरच होतं. फरक दिसला तो दोन महिन्यांनी. हाताने काढणाऱ्या गटातल्या सुमारे ९६ टक्के आया तेव्हाही अंगावर पाजत होत्या, पंपाच्या गटातल्या सुमारे ७३ टक्के. चाचणी लहान आहे, तिच्यावरून फार मोठे दावे करू नयेत. तरी कारणाचा अंदाज करता येतो. मोठ्या बाटलीच्या तळाशी चार थेंब पाहिले की बाईचा धीर सुटतो, शेजारी बसलेले नातेवाईक म्हणतात की हिला दूधच नाही, आणि वरच्या दुधाचा डबा उघडला जातो. चमच्यात तेच चार थेंब पुरेसे दिसतात आणि ते खरोखरच पुरेसे असतात.

म्हणून माझ्या मते कोणताही पंप घेण्याआधी प्रत्येक बाळंतिणीला हाताने दूध काढता यायला हवं. हात साबणाने धुवायचे. स्तनाला हलकेच चोळून, शेकून आधी पान्हा येऊ द्यायचा. अंगठा वर आणि बाकीची बोटं खाली, इंग्रजी सी अक्षरासारखी, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवायची. प्रथम छातीच्या दिशेने आत दाबायचं, मग अंगठा आणि बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं, पुन्हा दाबायचं. बोटं कातडीवरून घासत पुढे न्यायची नाहीत आणि बोंड पिळायचं नाही; दूध बोंडात नसतं, मागच्या नळ्यांत असतं. दुखत असेल तर काहीतरी चुकतं आहे. सुरुवातीचा मिनिटभर काही येत नाही, तेवढ्याने सोडून देऊ नये. थोड्या वेळाने बोटं फिरवून दुसऱ्या जागी ठेवायची, मग दुसऱ्या बाजूकडे वळायचं. हे कुणी समोर बसून दाखवलं तर एक-दोन बैठकांत जमतं. परिचारिका, आशा कार्यकर्ती किंवा स्तनपान सल्लागार हे शिकवू शकते, आणि रुग्णालयातून घरी जाण्याआधी ते मागून घ्यावं. वीज गेली, पंपाची झडप फाटली, प्रवासात छाती दगडासारखी घट्ट झाली, तर उपयोगी पडतं ते हेच.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे: विजेच्या पंपाने दूध जास्त निघतं, हेही संशोधनात दिसलं आहेच ना? दिसलं आहे. केनिया आणि नायजेरिया इथल्या नवजात विभागांत झालेला, २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास घ्या. ज्यांची बाळं आजारी किंवा अपुऱ्या दिवसांची होती अशा आयांमध्ये दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चालणाऱ्या विजेच्या पंपाने दिवसाला सरासरी सुमारे ५७८ मिलिलिटर दूध निघालं, पायाने चालवायच्या पंपाने सुमारे ४६३ आणि हाताने सुमारे ३२३. हा फरक किरकोळ नाही. काचेच्या पेटीतल्या हजार-दीड हजार ग्रॅमच्या बाळासाठी आईचं दूध औषधासारखं असतं; आतड्याचा जीवघेणा दाह आणि रक्तात पसरणारा संसर्ग यांचा धोका त्याने कमी होतो. ते बाळ स्तन ओढू शकत नाही, म्हणजे दूध वाढवणारा संदेश मेंदूकडे नेणारं कुणीच नाही. ते काम आठवडेच्या आठवडे, दिवसातून आठ किंवा अधिक वेळा, रात्रीसुद्धा, दुसऱ्या कुणीतरी करायचं आहे. शस्त्रक्रियेचे टाके ओले असलेल्या, जागरणाने खचलेल्या बाईने ते नुसत्या हातांनी करावं असा आग्रह धरणं क्रूरपणाचं होईल. इथे दुहेरी विजेचा पंपच हवा, तोही रुग्णालयातल्या ताकदीचा. बाळाला लगेच वेगळं न्यावं लागलं तर दूध काढायला सुरुवात पहिल्या सहा तासांत व्हावी, शक्य असेल तर पहिल्या तासातच. पहिले दिवस वाया गेले की पुढे ते भरून काढणं कठीण जातं.

पण याच गटातला आणखी एक पुरावा मला सगळ्यांत बोलका वाटतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉ. जेन मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्व आया विजेचा दुहेरी पंप वापरत होत्या. पहिल्या तीन दिवसांत ज्यांनी पंपाच्या जोडीला दिवसातून पाचाहून अधिक वेळा हातानेही चीक काढला, त्यांचं दूध पुढे अधिक राहिलं. पुढे आयांना पंप चालू असतानाच हाताने स्तन दाबायला, चोळायला आणि शेवटी उरलेलं दूध हाताने काढायला शिकवलं, तेव्हा दुधाचं प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी वाढलं. यंत्र तेच, मोटर तीच. म्हणजे जिथे विजेच्या पंपाची गरज निर्विवाद आहे तिथेही हात आले की त्याचं काम जवळजवळ दीडपट होतं. हाताचं कसब आणि विजेचं यंत्र हे एकमेकांचे पर्याय आहेत ही मांडणीच मुळात अपुरी आहे.

नोकरीवर परतणाऱ्या बाईचा प्रश्न मधला आहे आणि त्याचं उत्तर तिच्या घड्याळावर अवलंबून आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर असावं व आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं असंही सांगितलं. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी हा हक्क तर त्याआधीपासूनचा आहे. पूर्ण रजा बाळंतपणानंतरच घेतली असेल तर बाई कामावर जाते तेव्हा बाळ सहा महिन्यांचं झालेलं असतं, त्याला वरणभाताचं पाणी, नाचणीची पेज सुरू झालेली असते. प्रवासासह नऊ-दहा तास घराबाहेर राहिलं तर दोन, फार तर तीन वेळा दूध काढावं लागतं. हाताच्या पंपाने एकेक बाजू घेत अर्धा तास जातो, दुहेरी विजेच्या पंपाने साधारण पंधरा मिनिटांत काम होतं. आठवड्याचे पाच-सहा दिवस, कित्येक महिने हे चालणार असेल आणि कार्यालयात दार बंद होणारी खोली असेल, तर वाचलेली ती पंधरा मिनिटं विजेच्या पंपाचा खर्च सार्थ करतात. आठवड्यातून दोनदाच कार्यालयात जायचं असेल, कधीमधी लग्नकार्याला किंवा परीक्षेला जायचं असेल, तर चांगला हाताचा पंप पुरतो. तो आवाज करत नाही, पिशवीत मावतो, त्याला प्लग लागत नाही, धुवायचे भाग कमी असतात. ओढ किती द्यायची, कधी सोडायची हे बाईच्या स्वतःच्या हाती असतं, त्यामुळे काही जणींना त्याने पान्हाही लवकर येतो. एस.टी. स्थानकांतल्या, बाळाला पाजण्यासाठी असलेल्या हिरकणी कक्षासारख्या जागेत तोच सोयीचा. मनगट दुखतं ही तक्रार मात्र खरी आहे. बाळंतपणानंतर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या स्नायुबंधांना सूज येणं तसंही बऱ्यापैकी आढळतं. ज्यांना ते दुखणं आहे त्यांनी रोज हाताचा पंप दाबत बसू नये.

रजेचा हा सगळा हिशेब संघटित क्षेत्राचा आहे, आणि इथे माझी खरी तळमळ आहे. घरकामाला जाणारी, बांधकामावर विटा वाहणारी, ऊसतोडीला गेलेली, कंत्राटी तत्त्वावर शिकवणारी बाई सहा महिने घरी बसू शकत नाही. तिचं बाळ दीड-दोन महिन्यांचं असतं, केवळ दुधावर असतं, म्हणजे दूध काढून ठेवण्याची गरज तिला सगळ्यांत जास्त. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसाला सरासरी पाऊण लिटरच्या थोडं वर दूध पितं. तिच्याकडे बंद खोली नाही, फ्रीज असेलच असं नाही, भारनियमन तर आहेच. तिला विजेचा पंप दान देऊन फारसं साधणार नाही. ती सकाळी निघण्याआधी एकदा, दुपारी एकदा हाताने दूध काढू शकली, उकळून वाळवलेल्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ते ठेवलं आणि घरातल्या कुणी वाटी-चमच्याने पाजलं, तर बाटलीचीही गरज पडत नाही. काढलेलं दूध किती वेळ टिकतं याची अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची मर्यादा २५ अंश तापमानापर्यंत चार तास अशी आहे; काही ठिकाणी सहा ते आठ तासही सांगितले जातात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात मी चार तासांच्याही आतच राहायला सांगेन. फ्रीजमध्ये चार दिवस, बर्फाच्या पाकिटांसह बंद पेटीत चोवीस तास चालतं. हे ज्ञान फुकट आहे. ते पोचत नाही, कारण ते विकणारं कुणी नाही.

पंप घ्यायचाच ठरला तर जाहिरातीत ठळक छापलेल्या गोष्टींपेक्षा न छापलेल्या जास्त महत्त्वाच्या आहेत. ओढीची ताकद हा जाहिरातीचा आवडता आकडा. पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठात जॅकलिन केंट, पीटर हार्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं तेव्हा प्रत्येकीला सोसेल अशा कमाल ओढीला दूध उत्तम निघालं, आणि ही ओढ सरासरी १९० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास होती. त्यापुढे दुखू लागतं, आणि दुखलं की पान्हा अडतो, हे वर आलंच आहे. त्यापेक्षा फनेलचं माप पाहावं. स्तनाग्र फनेलच्या नळीत मोकळेपणाने पुढेमागे व्हायला हवं, कडेला घासू नये आणि भोवतालचा काळा भाग फार आत ओढला जाऊ नये. पंपाबरोबर येणारं माप सगळ्यांना बसत नाही. बसलं नाही तर माप बदलावं, पंप नव्हे. दुसरी गोष्ट, दूध किंवा वाफ नळीतून मोटरपर्यंत पोचू न देणारा अडथळा पंपात आहे का ते विचारावं. तो नसेल तर आत बुरशी धरते आणि ती साफ करता येत नाही. म्हणूनच नणंदेचा किंवा शेजारणीचा वापरलेला घरगुती विजेचा पंप घेऊ नये, नवे भाग जोडूनसुद्धा. अनेकींनी वापरायचे रुग्णालयातले पंप वेगळ्या रचनेचे असतात, त्यात प्रत्येकीचा संच स्वतंत्र असतो. ते भाड्याने मिळत असतील तर अल्पकाळासाठी तोच शहाणपणाचा मार्ग. रबरी फुगा लावलेला जुना काचेचा पंप कुणी देऊ केला तर नाही म्हणावं, त्या फुग्यात दूध शिरतं आणि तो निर्जंतुक होत नाही. ब्लाउजच्या आत बसणारे बिनतारी पंप नवे आणि आकर्षक आहेत, उभ्याने काम करणाऱ्यांना सोयीचेही. पण पेटीतल्या बाळासाठी दूध उभं करायचं असेल तर केवळ त्यांच्यावर विसंबू नये.

स्वच्छतेचा मुद्दा वाचकांनी हलक्यात घेऊ नये अशी माझी विनंती आहे. २०१६ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला क्रोनोबॅक्टर नावाच्या जिवाणूमुळे मेंदूज्वर झाला, आणि तोच जिवाणू घरच्या पंपाच्या भागांवर आणि काढलेल्या दुधात सापडला. पंपाचे भाग साबणाच्या पाण्यात तासन्‌तास भिजत ठेवले जात होते. त्यानंतर रोग नियंत्रण केंद्राने नियम स्पष्ट केले: प्रत्येक वापरानंतर लगेच, वेगळ्या भांड्यात आणि वेगळ्या ब्रशने धुवायचं, फडक्याने न पुसता हवेवर पूर्ण वाळू द्यायचं, आणि बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा अशक्त असेल तर दिवसातून एकदा निर्जंतुकही करायचं, उकळायचं असेल तर पाच मिनिटं. पाणी दिवसाआड येणाऱ्या गावात किंवा नळावर रांग लावणाऱ्या वस्तीत दिवसाला आठ वेळा सहा-सात भाग धुणं हे मोठं काम आहे. पंपाची किंमत काढताना हे पाणी, हा वेळ आणि हे श्रम कुणी मोजत नाही. हात धुवायला तांब्याभर पाणी पुरतं.

आणखी एक आक्षेप असा येतो की पंप असला तर दूध पुरतं की नाही हे मोजता तरी येतं. हा समज फार नुकसान करतो. बाळ स्तनातून जितकं दूध काढतं तितकं पंपाला क्वचितच जमतं, त्यामुळे बाटलीतला आकडा आईचं दूध किती आहे हे सांगत नाही. बाळ दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी करतं का आणि त्याचं वजन वाढतं का, या दोन गोष्टी ते सांगतात. उलट दिशेचाही धोका आहे. बाळ नीट पीत असताना केवळ साठा करायचा म्हणून रोज पंप लावला तर शरीर जुळ्यांसाठी दूध बनवू लागतं, स्तन सारखे भरून येतात, गाठी धरतात, दाह होतो. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संघटनेने २०२२ मध्ये स्तनदाहाबद्दलच्या मार्गदर्शनात जादा पंपिंग आणि जोराचं मालिश टाळायला स्पष्ट सांगितलं आहे. ताप, थंडी, लालसर दुखरी गाठ यांपैकी काही असेल आणि दिवसभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जावं. पाजणं मात्र थांबवू नये.

शेवटचा प्रश्न जबाबदारीचा. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाळाच्या पावडरच्या दुधाची आणि दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला बंदी आहे. पंप त्या कायद्यात येत नाही, आणि बहुतेक पंप बाटलीसकटच विकले जातात. म्हणून माहिती देण्याचं काम विक्रेत्यावर सोडता येणार नाही. ते आरोग्यव्यवस्थेचं आहे. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ साली मुंबईच्या शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने उभी राहिली, तेही महापालिकेच्या रुग्णालयात, गरीब घरांतल्या बाळांसाठी. त्याच वाटेने पुढे जायचं तर नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आयांना विनामूल्य वापरता येतील असे दुहेरी विजेचे पंप, बसायला आडोसा आणि हाताने दूध काढायला शिकवणारं एक माणूस हवं. आणि घरच्यांना सांगायचं ते एवढंच: डोहाळजेवणाला पंप भेट देऊ नका. बाळ जन्मू द्या. ते नीट पीत असेल आणि आई घरी असेल तर काहीच घेऊ नका. आई कधीमधी बाहेर जाणार असेल तर हाताचा पंप घ्या, रोज नऊ तास जाणार असेल तर दुहेरी विजेचा. आणि बाळ पेटीत असेल तर त्याच दिवशी परिचारिकेला गाठून रुग्णालयातला पंप मागा, नसेल तर भाड्याने आणा, आणि पहिला चीक तोवर हाताने काढायला सुरुवात करा.